कुर्लीचा शेवटचा पाय

समुद्राच्या कडेला एक गाव होतं, अन् त्या गावात भागोजी नावाचा एक म्हातारा राहायचा. स्वभावाने वाईट. एक तर शिवी, नायतर गप्प. मधलं काही त्याला येत नव्हतं. पण कुर्लीतलं त्याला जेवढं कळायचं तेवढं त्या किनाऱ्यावर दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं.

कुर्ली म्हणजे समुद्रातला खेकडा. गावाखाली सगळा काळा कातळ होता. ओहोटी लागली की पाणी मागे सरायचं अन् कातळातल्या कपारी उघड्या पडायच्या. भागोजी लोखंडी आकडी कपारीत घालायचा, मान वाकडी करून कान लावायचा अन् आवाजावरून ओळखायचा, आत कुर्ली हाय का नुसता दगड. एकदा ओढून काढली की पाठीमागून धरायची, उलटी करायची अन् सगळ्यात मागचा पाय बघायचा. डेंगे, म्हणजे पुढच्या नांग्या, बघायचे नायत, रंग बघायचा नाय. आधी शेवटचा पाय.

त्या कातळावर दोन जाती मिळायच्या. एकीचा शेवटचा पाय चपटा, होडीच्या वल्ह्यासारखा. ती पाण्यात पोहते म्हणून तिला वल्हं दिलेलं हाय. ती खायची. दुसरी गोल गुळगुळीत, अंड्यासारखी, तांबूस. तिचे सगळे पाय टोकदार, अन् डेंग्यांची टोकं काळी, काजळात बुडवून काढल्यासारखी. ती पोहत नाय, नुसती दगडावर सरपटते. तिला हात लावायचा नाय. ती शिजवली काय, भाजली काय, दहा वेळा धुतली काय, तिच्यातलं विष जात नाय. गावातल्या पोराटोरांना हे चालायला लागल्यापासून ठाऊक असायचं, म्हणून कोणी कोणाला सांगत नसे.

भागोजी एकटा होता. बायको कधीचीच वारलेली, मूलबाळ नाय. एक धाकटा भाऊ होता, रावजी. दोघांच्या घरांत दहा माडांचं अंतर होतं अन् अकरा वर्षांचा अबोला.

भांडण कशावरून, तर एका कुर्लीवरून. दोघे भाऊ एकाच कपारीवर वाकले होते. रावजीने घाईत कुर्लीचा डेंगा धरून ओढला. डेंगा हातात आला अन् कुर्ली आत गेली. भागोजीचं डोकं फिरलं. त्याने सगळ्या बायामाणसांसमोर भावाच्या थोबाडीत मारली. तेव्हा रावजीचा मुलगा बारा वर्षांचा होता, तोही तिथंच उभा होता. रावजी फक्त एवढंच बोलला की माझ्या दारात येऊन बोलशील तेव्हा मी तुझ्याशी बोलेन. भागोजी म्हणाला, तुझ्या दाराला मी पाय लावत नाय, तुला गरज असली तर तू येशील. झालं. अकरा वर्षं दोघंही गरजेची वाट बघत बसले.

कुर्ली ही एकट्याने खायची वस्तूच नाय. ती भराभर खाता येत नाय. डेंगा फोडायचा, चोखायचा, कवच खरवडायचं, अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात समोर कोणीतरी बोलायला हवं असतं. भागोजी भिंतीकडे तोंड करून खायचा. कधीकधी दोन-दोन दिवस त्याच्या तोंडातून शब्द निघायचा नाय. मग तो कावळ्याला शिव्या द्यायचा, आवाज आहे का गेला ते बघायला. शिमग्याची पालखी रावजीच्या दारात नाचायची तेव्हा तो आपल्या आवारातल्या शेवटच्या माडाखाली उभा राहून ढोल ऐकायचा, अन् कोणी बघितलं तर झावळी उचलायला आल्यासारखं करायचा.

अशात रावजीच्या मुलाचं लग्न झालं. सून आली घाटावरची. मालन तिचं नाव. नवरा मासेमारीच्या मोठ्या बोटीवर खलाशी, महिना महिना घरी येत नसे. घरात सासू नव्हती. रावजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्याला माणूस दिसायचा पण माणसाचं तोंड दिसायचं नाय. त्यामुळे दोन वर्षं तो कातळावर उतरलाच नव्हता.

मालनला गावात बोलायला कोणी नव्हतं. ती बोलली की विहिरीवरच्या बाया तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या. ती "न्हाई" म्हणाली की चार बाया "न्हाई, न्हाई" म्हणत हसायच्या. मग ती विहिरीवर दुपारची जायला लागली, कोणी नसताना. तिला समुद्र आवडत नव्हता. सारखं बोलतो अन् एक शब्द कळत नाय, असं ती सासऱ्याला सांगायची. रावजी हसायचा. चांगला माणूस होता. तो म्हणायचा, तुझं बोलणंही गावाला तसंच वाटत असेल.

एक दिवस रावजी जेवता जेवता बोलून गेला की कुर्लीचा रस्सा खाऊन दोन वर्षं झाली. डोळे गेले ते गेले, पण जीभ अजून शाबूत हाय. मालनने ते ऐकलं अन् तिला एकदम बरं वाटलं. कारण खेकडे धरणं ही एकच गोष्ट तिला या मुलखात येत होती. तिचा बाप तिला लहानपणी ओढ्यावर न्यायचा. भाताच्या खाचराखाली ओढ्याच्या दगडात काळेतांबडे खेकडे असायचे, गोल पाठीचे, टोकदार पायांचे. ते सगळेच खायचे असतात. तिथं विषाचा खेकडा नसतो, त्यामुळे निवडायचा प्रश्नच येत नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मालन टोपली घेऊन कातळावर उतरली. भागोजी आधीच तिथं होता, एका उंच दगडावर बसून आकडी घासत होता. ही कोण ते त्याला ठाऊक होतं. त्याने बघितलं अन् न बघितल्यासारखं केलं.

पोरीचा हात चांगला होता. आकडी नव्हती तिच्याकडे, पण तिने एक काठी कपारीत घातली अन् दुसऱ्या हाताने वरची वाट अडवली. पहिलीच कुर्ली बाहेर आली, मोठी, भरलेली, वल्ह्याच्या पायाची. मालनने ती पाठीमागून धरली, उलटी केली, अन् तिचं तोंड वाकडं झालं. असला पाय तिने कधी बघितला नव्हता. चपटा, पातळ, पळीसारखा. तिला वाटलं काहीतरी रोगट हाय, पाय चेपलेला हाय. तिने ती कुर्ली डबक्यात भिरकावून दिली.

भागोजीला हसू आलं. अकरा वर्षांत त्याला कातळावर हसू आलं नव्हतं.

मग तिला दुसरी एक सापडली. तीही वल्ह्याची. तीही तिने टाकली. मग एका सपाट दगडाखाली तिला गोल, तांबूस, गुळगुळीत खेकडा दिसला, टोकदार पायांचा. अगदी बापाच्या ओढ्यातल्यासारखा. मालन त्याच्याकडे बघून हसली. ओळखीचं माणूस परगावात भेटावं तशी हसली. तो टोपलीत गेला. त्याच्यामागून तसलेच आणखी सात गेले.

भागोजी वरून बघत होता. त्याला मजा वाटत होती, खोटं कशाला बोला. त्याच्या मनात आलं, आता ही घेऊन जाईल, रावजी हात लावून शेवटचा पाय चाचपेल अन् टोपलीसकट उकिरड्यावर फेकेल. गावभर होईल. रावजीची सून विष वेचून आली म्हणतील. होऊ दे. तेवढीच गंमत.

पण पोरगी नुसती गेली नाय. टोपली कमरेवर घेतली, दोन पावलं चालली, अन् थांबली. मग वळली अन् सरळ भागोजीच्या दगडाखाली येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर तिने नीट केला.

"मामंजी, मी रावजींची सून. तुमचं अन् त्यांचं बोलणं न्हाई ते मला ठावं हाय," ती म्हणाली. "पर हितलं मला काय कळत न्हाई. ह्या घेतल्यात त्या खायच्या, का त्या टाकल्या त्या खायच्या?"

आता बघा. ज्या घराच्या तोंडून एक शब्द यावा म्हणून हा माणूस अकरा वर्षं बसला होता, त्या घरचा माणूस पाण्यात पाय भिजवत खाली उभा होता अन् विचारत होता. गरज म्हणतात ती आली होती. भागोजीची जीभ दातांपर्यंत आलीसुद्धा. "टाकलेल्या" एवढा एकच शब्द लागत होता.

पण त्याच्या डोक्यात राग उठला. त्याला वाटलं, रावजीने यायला पाहिजे होतं. सुनेला पाठवतो. स्वतः येत नाय. आता ही परक्या मुलखातली पोर येऊन विचारणार अन् मी सांगणार, म्हणजे मीच पहिला बोललो असं होईल. रावजी घरात बसून जिंकला असं होईल.

रावजीने तिला पाठवलंच नव्हतं. पण रागाला कोण विचारतो.

भागोजी समुद्राकडे थुंकला अन् त्याने पाठ फिरवली.

मालन थोडा वेळ उभी राहिली. एक लाट आली, तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, लाट परत गेली. "बरं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

मग भागोजीला मागून आवाज यायला लागला. कट. कट. कट. बराच वेळ तो आवाज येत राहिला. त्याने वळून बघितलं नाय. वळलो तर बघत होतो असं तिला वाटेल, म्हणून वळला नाय. आवाज थांबला, पावलं गेली, तेव्हा तो उठला. डबक्यात तिने टाकलेल्या दोन कुर्ल्या होत्या. त्याने त्या धरल्या अन् घरी आला. चांगल्या भरलेल्या होत्या. फुकटच्या.

त्याने नारळ खवला, वाटण केलं, रस्सा टाकला. ऊन वर आलं होतं. भात वाढून घेतला अन् भिंतीकडे तोंड करून बसला. आज त्याला जेवण गोड लागणार होतं, कारण दहा माडांपलीकडे आत्ता आरडाओरडा झाला असेल असं त्याला वाटत होतं. तो कान देऊन होता. आरडाओरडा काही ऐकू येत नव्हता.

त्याने कुर्ली उचलली अन् सवयीने पहिला पाय मोडला.

कट.

भागोजीचा हात तसाच राहिला. हाच आवाज सकाळी मागून येत होता. पोरीने कातळावरच पाय मोडले होते. घाटावर तशी पद्धत असते, ओढ्यावरच खेकडे साफ करतात. पाय मोडतात, पाठ काढून टाकतात, धुतात अन् पांढरं अंग अन् डेंगे तेवढे घरी आणतात. म्हणजे टोपलीत पाय नव्हते. पाठ नव्हती. डेंग्यांची काळी टोकं आंधळ्या रावजीला दिसणार नव्हती, अन् चाचपायचं म्हटलं तरी चाचपायला काय होतं. शेवटचा पाय समुद्रात गेला होता.

तो उष्ट्या हाताने उठला अन् पळत सुटला. दहा माड म्हणजे किती. म्हाताऱ्या माणसालाही तेवढं अंतर काही नाय. पण रावजीच्या आवाराच्या बेड्याशी, त्या बांबूच्या दाराशी तो थांबला.

थांबला, हे खरं हाय. लोक पुढे म्हणाले की त्याला धाप लागली होती. धाप लागली नव्हती. त्या दाराला पाय लावत नाय असं तो बोलला होता, म्हणून थांबला. त्याला वाटलं, पोरगी पाण्याला बाहेर येईल, तिला खुणेने सांगू. नायतर कोणी शेजारी दिसेल, त्याच्या तोंडी निरोप देऊ. आपण आत जायला नको. एक पान लावून खायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो तिथं उभा राहिला.

अन् उभ्या उभ्या त्याला आतून आवाज आला. डेंगा फोडल्याचा. मग चोखल्याचा. रावजीची जुनी सवय होती, चोखताना तो लहान पोरासारखा आवाज करायचा. भागोजीने तो आवाज अकरा वर्षांनी ऐकला.

मग तो बेडं ढकलून आत गेला.

रावजी पडवीत जेवायला बसला होता. मालन आत चुलीपाशी होती, सासऱ्याचं झाल्याशिवाय ती खायची नाय. रावजीला दारात माणूस दिसला. त्याने डोळे बारीक केले.

"कोण?"

"मी."

रावजीने आवाज ओळखला. त्याच्या हातातला घास खाली आला. मग त्याने डाव्या हाताने शेजारची जमीन थोपटली.

"ये. बस," तो म्हणाला. "सूनबाय, पाट टाक ग. मोठ्या मामंजींना वाढ."

एवढंच होतं ते. अकरा वर्षं जिला भिंत समजत होता ती एवढीच होती. पाट टाक अन् वाढ.

"रावजी, ते थुंक," भागोजी म्हणाला.

रावजी हसला. "अकरा वर्षांनी दारात आलास अन् पहिला शब्द काय, तर थुंक. तू काय सुधारायचा नायस भागो." अन् त्याने आणखी एक तुकडा तोंडात टाकला. भावाचा स्वभाव त्याला ठाऊक होता. त्याला वाटलं, माझ्या ताटात कुर्ली बघून याच्या पोटात दुखतंय.

भागोजीने ताट लाथेने उडवलं. रस्सा भिंतीवर गेला. रावजी तडकून उभा राहिला अन् म्हणाला की माझ्या घरात माझ्या ताटाला लाथ मारतोस, थांब. त्याने हात उचलला. मग तो हात आपल्याच ओठांवर नेला अन् ओठ चाचपले.

"मुंग्या आल्या," तो म्हणाला. "ओठाला मुंग्या आल्या रे."

तो खाली बसला.

भागोजीने मालनला विचारलं, शेवटचा पाय कसला होता. ती म्हणाली, टोकदार, आमच्याकडं असतो तसाच. अन् त्याच्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं. ती रडली नाय. तिने तांब्या घेतला अन् मिठाचं पाणी करून सासऱ्याच्या तोंडाला लावलं. थोडं आत गेलं, थोडं बाहेर आलं.

डॉक्टर खाडीपलीकडे होता. भागोजीने भावाला पाठीवर घेतलं अन् होडीत नेऊन निजवलं. दुसऱ्या कोणाला हाका मारायला तो थांबला नाय. मालन रावजीचं डोकं मांडीवर घेऊन बसली अन् भागोजीने वल्हं हातात घेतलं.

त्या विषाचं असं असतं की माणसाचं डोकं जागं राहतं. आधी ओठ जातात, मग जीभ जाते, मग हातपाय जातात. पण आतला माणूस शुद्धीवर असतो, सगळं ऐकतो. अर्ध्या खाडीत पोचेपर्यंत रावजीची जीभ गेली होती. डोळे उघडे होते, अन् ते भागोजीकडे होते.

तेव्हा भागोजी बोलायला लागला. वल्हवत होता अन् बोलत होता. अकरा वर्षांचं सगळं बोलला. म्हणाला, थोबाडीत मारली ती माझी चूक होती. म्हणाला, ती कुर्ली लहानच होती, सापडली असती तरी मी सोडूनच दिली असती. म्हणाला, तुझी बायको गेली तेव्हा मी स्मशानाच्या मागच्या वाटेने आलो होतो, तुला दिसलो नाय. म्हणाला, शिमग्याला मी माडाखाली उभा असतो. म्हणाला, तुझी सून मला विचारायला आली होती. रावजी, मला ठाऊक होतं.

रावजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते रडण्याचं होतं का वाऱ्याचं, ते सांगता येत नाय. उत्तर द्यायला जीभ नव्हती. पलीकडचा धक्का लागला तेव्हा मालन म्हणाली, "मामंजी, आता बोलू नगा. त्यांचा श्वास थांबलाय."

त्यानंतर बारा दिवस भागोजीचं घर माणसांनी भरलेलं होतं.

ज्याच्या दारात कुत्रं उभं राहत नव्हतं त्याच्या पडवीत बसायला जागा नव्हती. शेजारणी भाकऱ्या आणत होत्या. म्हातारे येऊन मांडीला मांडी लावून बसत होते. सगळे म्हणत होते, शेवटी रक्ताचा भाऊ धावला, पाठीवर घेऊन गेला, होडी वल्हवत गेला. अन् सगळे हेही म्हणत होते की त्या घाटावरच्या पोरीने घात केला. कोणी म्हणालं, तिला कुर्ली ओळखता येत नव्हती. कोणी म्हणालं, ओळखता येत होती म्हणूनच आणली. विहिरीवर आता तिची नक्कल कोणी करत नव्हतं. ती आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या.

भागोजी हे ऐकत होता अन् भाकरी खात होता. समोर कोणीतरी बसलेलं असताना जेवण कसं लागतं ते तो विसरला होता. आता आठवलं. गप्प राहिला तर हे असंच चालणार होतं. त्याला फक्त गप्प राहायचं होतं, अन् गप्प राहणं त्याला अकरा वर्षं येतच होतं.

तेराव्या दिवशी देवळासमोर गाव बसला. रावजीचा मुलगा बोटीवरून आला होता. तो बायकोकडे बघत नव्हता. गावकराने, म्हणजे गावच्या प्रमुखाने सांगितलं की हिला माहेरी पोचवावं हे बरं. नवरा काही बोलला नाय, म्हणजे त्याला कबूल होतं. गावकराने मालनला विचारलं, तुला काय सांगायचं असेल तर सांग.

मालन उभी राहिली. "मी विचारलं हुतं," ती म्हणाली. "उत्तर मिळालं न्हाई."

गावकराने विचारलं, कोणाला विचारलंस. मालन खाली बघत राहिली. नाव घेतलं तर कोणी विश्वास ठेवणार नाय, हे तिला ठाऊक होतं. घाटावरची पोर, वर म्हाताऱ्यावर ढकलते, असं म्हणाले असते. तिने पदर घट्ट केला अन् खाली बसली.

भागोजीच्या दोन्ही बाजूंना माणसं बसली होती. एकाचा हात त्याच्या खांद्यावर होता. तो हात त्याने हळूच काढला अन् उठला.

"मला विचारलं होतं," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाय."

समुद्राचा आवाज देवळापर्यंत येतो तो ऐकू यायला लागला.

"का नाय सांगितलंस?" गावकर म्हणाला.

"रावजीने स्वतः विचारलं नाय म्हणून."

विचारण्यासारखं उरलं नव्हतं. त्याने बेड्याशी थांबलो तेही सांगितलं, पान लावण्याएवढा वेळ, तेवढंही लपवलं नाय. रावजीचा मुलगा उठून त्याच्या अंगावर धावला. लोकांनी धरला. धरला नसता तरी भागोजी हलला नसता.

मालन माहेरी गेली नाय. नवरा त्या रात्रीच तिच्याशी बोलला असं म्हणतात. भागोजीची पडवी मात्र संध्याकाळपर्यंत रिकामी झाली. भाकऱ्यांची फडकी ज्याची त्याने नेली. कोणी वाईट बोललं नाय. कोणी काहीच बोललं नाय.

पुढच्या ओहोटीला भागोजी आपल्या दगडावर बसला होता. दुपार व्हायच्या आत मालन कातळावर उतरली. तिने कपारी शोधल्या, कुर्ल्या काढल्या, अन् टोपली आणून त्याच्या दगडाखाली ठेवली. बोलली नाय. त्याच्याकडे बघितलंही नाय. समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

भागोजी खाली उतरला. टोपलीतली एकेक उचलली अन् बोलायला लागला. हिचा शेवटचा पाय बघ, वल्हं हाय, ही घे. हिचा टोकदार, डेंगा काळा, ही टाक. ही घ्यायची हाय पण हलकी लागते, नुकतं कवच टाकलंय हिने, आत पाणी असेल, सोड तिला. हिच्या पोटाखाली अंडी हायत, हिला तर मुद्दाम सोड. घरी जाईपर्यंत शेवटचा पाय मोडायचा नाय, कितीही घाई असली तरी.

त्याचं बोलून झालं की ती टोपली उचलायची अन् जायची. प्रत्येक ओहोटीला असंच. तो बोलायचा, ती ऐकायची. कधी "बरं" म्हणाली नाय. कधी मामंजी म्हणाली नाय. पण यायची. दिवसातला तेवढा वेळ त्याच्या समोर माणूस असायचा. तो ओहोटीची वाट बघायला लागला.

अन् बघता बघता टोपलीतल्या टाकून द्यायच्या कुर्ल्या कमी व्हायला लागल्या. आधी चार असायच्या, मग दोन, मग एखादी. त्याला कळत होतं की हिला सगळं यायला लागलं की ही आपल्यापाशी थांबणार नाय. एखादी गोष्ट राखून ठेवली असती, थोडं चुकीचं सांगितलं असतं, तर आणखी वर्षभर आली असती. आकडीचा आवाज ऐकून कपार कशी ओळखायची हे एकच शेवटी उरलं होतं. ते त्या किनाऱ्यावर त्याच्याशिवाय कोणाला येत नव्हतं.

तेही त्याने सांगितलं. आकडी तिच्या हातात दिली अन् मान कशी वाकवायची ते दाखवलं. तिने कपारीला कान लावला, ऐकलं, अन् बरोबर तिथून एक मोठी वल्ह्याची कुर्ली काढली. शेवटचा पाय बघितला अन् टोपलीत टाकली.

पुढच्या ओहोटीला ती आली. दोन घटका कपारी धुंडाळल्या. टोपली भरली, अन् दगडाशी न थांबता सरळ वर गेली. भागोजीने लांबूनच टोपलीत बघितलं. एकही चुकलेली नव्हती.

तो बराच वेळ तिथंच बसला. पाणी वर यायला लागलं, दगडाला लागलं, तेव्हा उठला अन् घरी जाऊन एकट्यापुरता भात टाकला.

तात्पर्य काय, तर विचारणारा दारात आला की जे ठाऊक हाय ते लगेच सांगून मोकळं व्हा. आधी कोण बोललं ते मोजत बसलात, तर शेवटी बोलायला तुम्ही उरता अन् ऐकायला कोणी उरत नाय.